प्रकल्प नोंदी: मामांची खोली आणि बारीक धूळ

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, सोनं वाटून झालं, आजपासून कामाला सुरुवात. ह्या नोंदी घरच्यांसाठी आणि आयटीआयमधल्या माझ्या पोरांसाठी ठेवतेय, म्हणजे पुढं कुणाला असंच काही करायचं झालं तर शून्यापासून सुरुवात नको.

काम काय ते आधी लिहिते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, आयुष्यभर इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर म्हणून राबले. वाळू, धूर, भट्टीची धग, सगळं अंगावर घेतलं. आता सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आकसून कायमचा दम लागायचा आजार, आणि दर थंडीत दम वाढतो, गेल्या जानेवारीत तर ॲडमिट करायला लागलं. डॉक्टरांनी पंप स्पेसर, म्हणजे पुढचं नळकांडं, लावून कसा ओढायचा ते शिकवलं, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितली, आणि निघताना म्हणाले, धूळ-धूर टाळा. ते बरोबरच आहे, पण टाळायची म्हणजे कुठली, किती वाजताची, रस्त्यावरची का घरातली? हे कळल्याशिवाय टाळणार काय आणि कसं?

म्हणून दोन गोष्टी करायच्या ठरवल्यात. एक, आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आणि मामांच्या नेहमीच्या वाटेवर बारीक धूळ कधी आणि कुठं वाढते ते मोजायचं. दोन, मामांची झोपायची खोली तरी स्वच्छ हवेची करायची, आणि ती पण आपल्याला परवडेल अशा खर्चात. थंडी पडायच्या आत मोजणी, डिसेंबरात खोली.

१६ ऑक्टोबर

पोरांनी विचारलं मॅडम पीएम २.५ म्हणजे काय, म्हणून इथं लिहून ठेवते. हवेतल्या ज्या कणांची जाडी अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी ते सगळे ह्यात आले. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे असे वीस-पंचवीस कण ओळीनं ठेवले तर कुठं केसाची जाडी भरते. रस्त्यावरची जी धूळ डोळ्याला दिसते, गाड्यांवर बसते, ती बरीचशी नाकात नाहीतर घशात अडकते आणि शेंबडातून, खोकल्यातून बाहेर पडते. ही बारीक मात्र सरळ फुफ्फुसातल्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जाते आणि त्यातली अगदी बारीक रक्तात उतरते. म्हणून नुसता दमाच नाही तर हार्ट ॲटॅक, पॅरालिसिसचा झटका हे सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू ज्या गटात आहे त्याच.

आकडे पाठच करून ठेवायचे. आपल्याकडच्या २००९ च्या मानकाप्रमाणे पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीत ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत पाहिजे आणि वर्षाच्या सरासरीत ४०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा आणखी खाली आणली, दिवसाला १५ आणि वर्षाला ५. म्हणजे आपल्याकडं ज्याला ठीक म्हणतात ते पण मामांसारख्या माणसाला ठीक नाही, हे मनात ठेवूनच पुढचं सगळं वाचायचं.

लोक म्हणतात ही दिल्लीची भानगड, आपल्याकडं रंकाळा आहे, पंचगंगा आहे, तासाभरात पन्हाळा. पण २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला त्यात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे, सांगली, सोलापूर यांच्याबरोबर कोल्हापूर पण आहे. शहरात महाद्वार रोड, रुईकर ट्रस्ट आणि शिवाजी विद्यापीठ अशा ठिकाणी फिल्टर पेपरवर धूळ धरून ती वजन करून मोजायची पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. ती मोजणी पक्की असते, पण आठवड्यातून दोन दिवस आणि चोवीस तासांची मिळून एक. आमचा प्रश्न तासाचा आहे, सकाळी सहाला बाहेर पडावं का आठला, तो त्यातनं सुटत नाही.

२२ ऑक्टोबर

सेन्सर बसवला. प्लँटॉवरचा पीएमएस ७००३ आणि त्याला नोडएमसीयू बोर्ड, घरच्या वायफायवर दर मिनिटाला आकडा लिहितो. सेन्सरमध्ये एवढासा पंखा असतो, तो हवा आत ओढतो, आत लेसरचा किरण, त्यातनं कण गेला की उजेड विखुरतो आणि त्यावरनं यंत्र कणांचा अंदाज करतं. वजन कधीच करत नाही, अंदाजच, हे पोरांनी विसरू नये. दोन सेन्सर घेतलेत, एक मामांच्या खोलीत आणि एक गच्चीवर पीव्हीसीच्या एल्बोमध्ये तोंड खाली करून, पाऊस आत जाऊ नये म्हणून. आधी दोन दिवस दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले, आकडे एकमेकांना धरून चालतात, म्हणजे तुलनेला चालतील.

परतीचा पाऊस अजून गेला नाही आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. पहाटे धुकं पडलं की गच्चीवरचा आकडा उगाच फुगतो, कारण दमट हवेत कण पाणी पिऊन मोठे होतात आणि लेसरला ते जास्त दिसतात. ओलसरपणा ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं आणि दोन-तीन हजारांचं महागडं काही न घेता साधा आर्द्रतेचा सेन्सर शेजारी लावला.

२७ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभराचा घरातला आलेख काढला आणि सगळ्यांना बसवून दाखवला. बाहेरच्या पेक्षा घरातला आकडा दिवसातनं तीन वेळा वर जातो. सकाळी नाष्ट्याच्या फोडणीला, संध्याकाळी सातला दिवाबत्ती झाल्यावर, आणि रात्री दहाला मच्छर अगरबत्ती, म्हणजे कॉइल, लावल्यावर. ह्यातली रात्रीची सगळ्यात वाईट, कारण ती मामांच्या खाटेखाली असते, दारं-खिडक्या बंद, आणि पहाटेपर्यंत जळत राहते. एका कॉइलच्या जळण्यातनं निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींच्या बरोबरीचे असं मोजणारा अभ्यास झालाय. मामांनी जन्मात बिडी ओढली नाही. आणि आम्ही घरातली माणसं रोज रात्री त्यांच्या उशाशी ते लावत होतो, मच्छर चावू नयेत म्हणून, प्रेमानंच.

कॉइल त्याच रात्री बंद. खिडकीला जाळी मारून घेतली आणि मच्छरदाणी काढली माळ्यावरनं.

धुपाचं मात्र बोलायला जरा जड गेलं. आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, रोजची आरती, ऊद-धूप घालून सगळ्या खोल्यांतनं फिरवायची सवय पन्नास वर्षांची. मी बंद करा म्हटलं नाही. आलेख समोर ठेवला आणि म्हटलं आत्या हा डोंगर बघा, ह्या वेळी मामा खोकतात की नाही? त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, देवाला तुपाचं निरांजन पुरतं गं, धूप तुळशीपाशी लावीन अंगणात. विषय संपला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या आधी लावायचा आणि गॅस बंद केल्यावर पण दहा मिनिटं चालू ठेवायचा, आणि तेवढा वेळ मधलं दार लावायचं, हे पण ठरलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

परवा लक्ष्मीपूजनाला रात्री नऊ ते बारा गच्चीवरचा आकडा काही वेळ चारशेच्या पुढं होता. स्वस्तातला सेन्सर एवढ्या दाट धुरात नेमका आकडा सांगत नाही म्हणून त्यावर जास्त बोलत नाही, पण धूर डोळ्यालाच दिसत होता, समोरची टाकी दिसेना. मामांना आम्ही दुपारीच नणंदेकडं गारगोटीला पाठवलं होतं, ते बरं झालं.

लेकाला एक गोष्ट सांगितली ती त्याला पटली. लोक म्हणतात आवाजाचे फटाके वाईट, बारक्या पोरांना नागगोळी आणि फुलबाजी द्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण सोडणारी निघाली ती नागगोळी, हजाराच्या लडीपेक्षा जास्त. आणि पोरगं ती पेटवून वर वाकून बघत बसतं, नाक बरोबर धुराच्या वर. आमच्या गल्लीत तरी ह्या वर्षी पाच-सहा घरांनी नागगोळ्या आणल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

परवापासून साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. थंडी पण उतरलीय. आज सकाळी सातला लेकाला मागं बसवून आणि सेन्सर त्याच्या गळ्यात अडकवून शहरातनं चक्कर मारली, बॅटरी पॉवर बँकवर.

मंगळवार पेठेतनं बिंदू चौक, तिथनं दसरा चौक, सिग्नलला थांबलं की आकडा चढतो आणि पुढं केएमटीची बस नाहीतर सहाआसनी रिक्षा असली की दुप्पट होतो, गाडी दहा-पंधरा फूट मागं ठेवली तरी फरक पडतो हे लेकानंच शोधलं. ताराराणी चौक म्हणजे कावळा नाका, तिथनं शिरोलीकडं हायवेला लागलो. सहापदरीकरणाचं काम चालू आहे, डंपर, खडी, मुरूम. इथं पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ, लै वाढतं, डोळ्यात जाणारी धूळ ती हीच, पण पीएम २.५ त्या मानानं तेवढं नाही. दोन्ही वेगळ्या आहेत हे इथं स्वच्छ दिसलं. जिथं धूळ दिसते तिथं बारीक असतेच असं नाही, आणि जिथं हवा स्वच्छ दिसते तिथं नसतेच असंही नाही. सगळ्यात फसवं ठिकाण निघालं नदीकाठ. पंचगंगा घाटावर सकाळी काय प्रसन्न वाटतं, पण खोलगट भाग, वारा पडलेला, पलीकडच्या शेतात कुणीतरी पाचट पेटवलेलं, आणि धुराचा पट्टा पाण्यावर तसाच पसरून राहिलेला. आकडा दसरा चौकापेक्षा वर.

विद्यापीठाच्या आवारात वर चढलो तसा आकडा उतरला. झाडं आहेत, उंचावर आहे, रहदारी आत नाही. परत येताना साडेनऊ वाजले होते, ऊन चढलं होतं, आणि त्याच दसरा चौकात सकाळच्या पेक्षा कमी आकडा, रहदारी जास्त असताना. ह्याचं कारण पुढच्या नोंदीत लिहिते कारण सगळ्यात कामाचं तेच आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेच्या निकालाचे फटाके आणि गुलाल, म्हणून कालचा दिवस हिशोबात धरला नाही.

महिनाभराचे तासातासाचे आकडे एकत्र केले. पहाटे पाच ते आठ आणि रात्री सात ते अकरा हे दोन वाईट काळ, आणि दुपारी एक ते चार सगळ्यात चांगला. थंडीच्या दिवसात रात्री जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी तापलेली हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते, इथं उलटं झालेलं असतं म्हणून खालचा धूर वर जाऊच शकत नाही, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. चुली, गुऱ्हाळं, बंब, कचऱ्याचा धूर, रात्रीचे ट्रक, सगळं खालीच साठत राहतं. ऊन लागलं, जमीन तापली, की नऊ-दहानंतर तो थर मोडतो.

आणि मामा वीस वर्षं पहाटे साडेपाचला रंकाळ्याला जातात. थंडीत तर न चुकता, गार हवा फुफ्फुसाला चांगली म्हणून. गार हवा आणि स्वच्छ हवा एकच, असं आपल्याकडं सगळेच धरून चालतात, त्यात त्यांची एकट्याची समजूत नाही. रंकाळ्यावर त्या वेळी शेकड्यांनी माणसं असतात, त्यात दमेकरी, हार्टवाले, शुगरवाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलेले.

मामांशी बोलले. चालणं बंद करायचं नाही, चालणं औषधच आहे, फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेळ बदलायची, दुपारी चारला जायचं. ते म्हणाले माझी सगळी मंडळी पहाटेची आहेत गं, चारला मी कुणाशी बोलू? हे मला सुचलंच नव्हतं असं नाही, पण त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. संध्याकाळी आमच्या यांनी मामांच्या दोघा मित्रांना घरी चहाला बोलवलं आणि आलेख त्यांच्यासमोर ठेवला. त्यातले एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाले, बबनराव, उद्यापासून चारला. झालं.

तालमीतल्या पोरांचं पण बोलायला पाहिजे. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, जोर-बैठका आणि पळणं चालू असताना तीच साठ-सत्तर लिटर आणि वर जाते, ती पण तोंडानं, नाकाची गाळणी सोडून. म्हणजे पहाटे रस्त्यावर पळणारा पैलवान एका तासात जेवढी धूळ घेतो तेवढी त्याच हवेत शांत बसलेला माणूस आठ-दहा तासांत घेतो. वस्तादांना सांगितलं, पळायचं असेल तर थंडीत सकाळी उशिरा नाहीतर दुपारी, आणि हायवे-नदीकाठ सोडून विद्यापीठाकडं. ते बघतो म्हणालेत.

१ डिसेंबर

मास्क. कोविडमधले कापडी आणि निळे सर्जिकल घरात ढिगानं आहेत, ते ह्या कामाचे नाहीत. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं पण बाजूनं उघडा, हवा फटीतनंच येते. पोरी गाडीवर स्कार्फ गुंडाळतात तो उन्हाला आणि जाड धुळीला ठीक, बारीक कण त्यातनं आरपार. पाहिजे तो एन ९५ किंवा एफएफपी २, डोक्यामागनं दोन पट्टे असलेला, कानात अडकवायचा नव्हे. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, चष्म्यावर वाफ आली किंवा गालाला वारा लागला तर बसला नाही. दाढी असेल तर बसतच नाही.

मामांना मास्क घालायच्या आधी डॉक्टरांना विचारलं, कारण घट्ट मास्कमधनं श्वास ओढायला जोर लागतो आणि सीओपीडीच्या माणसाला तो सोसेलच असं नाही. त्यांनी सांगितलं थोडा वेळ, बसून, रिक्षातनं जाताना ठीक, चालताना नको. त्यामुळं मामांसाठी मास्क हा उपाय नाहीच, वेळ बदलणं आणि खोली हाच उपाय. मास्क माझ्यासाठी आणि यांच्यासाठी, आम्ही रोज गाडीवर असतो.

८ डिसेंबर, रविवार

आता खोली. ह्यावर जरा सविस्तर.

आधी हिशोब, कारण ह्यातच सगळं आलं. मामा दिवसातले बारा तास त्या खोलीत असतात, रात्रीची झोप, दुपारची झोप आणि टीव्ही. समजा बाहेर आणि घरात सगळीकडं ८० आहे. खोलीत तो २० वर आणला तर बारा तास ८० आणि बारा तास २०, दिवसाची सरासरी ५० येते. म्हणजे शहर तसंच, रस्ता तसाच, आणि एका माणसाच्या वाट्याची धूळ ८० वरनं ५० वर. शहराची हवा सुधारायला वर्षं लागतील आणि त्यासाठी भांडायचंच आहे, पण तोपर्यंत मामांनी काय करायचं ह्याचं उत्तर ह्या गुणाकार-भागाकारात आहे.

बाजारातला एअर प्युरिफायर चांगलाच असतो, पण खोलीच्या मापाचा घ्यायचा तर दहा-पंधरा हजार आणि वर्षाला फिल्टर. अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल ह्या दोघांच्या डोक्यातनं एक साधा डबा निघाला, चार बाजूंना फिल्टर, वर पंखा, सगळं टेपनं चिकटवलेलं, कुणालाही घरात करता येतो. त्यांच्याकडचा चौकोनी बॉक्स फॅन आपल्याकडं मिळत नाही म्हणून मी बारा इंची एक्झॉस्ट फॅन घेतेय. फिल्टर एफ ७ दर्जाचे, कारखान्याच्या एसी प्लँटला लागतात ते घड्या घातलेले पॅनेल, उद्यमनगरातल्या फिल्टरच्या दुकानात मिळाले.

पोरं म्हणाली हेपा का नको मॅडम, तो ९९.९७ टक्के अडवतो. बरोबर आहे, पण हेपा इतका दाट की एक्झॉस्ट फॅनला त्यातनं हवा ओढायचा दमच नसतो. एका फेरीत थोडे कमी कण अडले तरी चालतं, कारण हवा खोलीत फिरून फिरून परत त्याच डब्यात येते. एका वेळी किती पकडलं ह्याच्यापेक्षा तासाला एकूण किती हवा गाळली गेली हे बघायचं. खोली १० बाय १२, उंची १०, म्हणजे १२०० घनफूट. तासाला पाच वेळा गाळायची तर ६००० घनफूट, मिनिटाला १०० घनफूट. पंख्याच्या डब्यावर लिहिलेला आकडा ह्याच्या कितीतरी पट आहे, पण तो मोकळ्या हवेतला, फिल्टर लावल्यावर बराच उतरणार, म्हणून एवढी सवड ठेवलेली बरी.

१५ डिसेंबर, रविवार

डबा झाला. प्लायवूड गल्लीतल्या सुतारानं मापात कापून दिलं, तळाला एक आणि वर भोक पाडलेलं एक, मध्ये चार फिल्टर उभे. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो हवा कुठल्या दिशेनं जायची ते सांगतो, सगळे बाण आतल्या बाजूला, कारण पंखा वरनं हवा बाहेर फेकतो आणि बाजूंनी आत ओढतो. पंख्याच्या पुढं जाळी दोन्हीकडनं, लेकाची बोटं आहेत घरात. वायर वर बांधून घेतली, प्लग तीन पिनचा.

सगळा खेळ फटींचा आहे. हवा आळशी असते, जिथनं सोपं तिथनं जाते, फिल्टर आणि प्लायमध्ये बोटभर फट राहिली तरी ती तिथनंच येणार. अगरबत्ती पेटवून चारी कोपऱ्यांवरनं आणि खालच्या कडेवरनं हळूहळू फिरवली, पंखा चालू ठेवून. जिथं धुराची रेघ सरळ वर जाते तिथं ठीक, जिथं ती वाकून फटीत ओढली जाते तिथं टेप. खालच्या डाव्या कोपऱ्यात ती अशी वळली की जणू कुणी दोऱ्यानं ओढली. तिथं आणि पंख्याच्या कडेनं टेप मारली. शिवाय पंख्याच्या चौकोनी कोपऱ्यांत पात्याच्या टोकापलीकडनं हवा उलटी खाली येते, म्हणून पुठ्ठ्याला मध्ये गोल भोक कापून त्यानं कोपरे झाकले, त्यानं हवा वाढते.

मग चाचणी. दारं-खिडक्या बंद करून खोलीत अगरबत्ती लावली, आकडा दोनशेच्या वर नेला, विझवली आणि घड्याळ लावलं. डबा बंद असताना निम्म्यावर यायला पाऊण तास गेला. डबा चालू असताना बारा मिनिटांत निम्मा. ह्याचा हिशोब केला की तासाला साधारण साडेतीन वेळा हवा बदलते, त्यातला जवळजवळ एक फटीतनं निघून जाणाऱ्या हवेचा आणि भिंतीला चिकटणाऱ्या धुळीचा. पाचचं गणित केलं होतं, डब्याचं म्हणून अडीचच्या आसपास मिळालं. पंखा मधल्या वेगावर आहे, पूर्ण वेगावर आवाज मामांना झोपू देत नाही. झोपायच्या आधी तासभर पूर्ण वेगावर आणि रात्रभर मधल्यावर, असं ठरवलं. वीज बघायची तर पंखा ५० वॉटच्या आसपास, आठ तासाला अर्ध्या युनिटच्या आत.

खर्च फिल्टर, पंखा, प्लाय, टेप धरून बाजारच्या प्युरिफायरच्या निम्म्याहून कमी पडला.

२२ डिसेंबर

आठवडा झाला. पहाटे गच्चीवर ९० असताना खोलीत २० ते ३० असतं. मामा रात्री उठून बसायचे ते कमी झालंय असं आत्या म्हणतात. हे मी नोंदते पण ह्यावरनं निष्कर्ष काढत नाही, कॉइल बंद झाली, धूप बाहेर गेला, वेळ बदलली आणि डबा आला, सगळं एकाच थंडीत.

खोली दिवसभर बंद ठेवायची नाही हे महत्त्वाचं. माणसाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, कोंदट होतं, आणि डबा फक्त कण अडवतो, वायू नाही. म्हणून दुपारी एक ते चार, बाहेर हवा चांगली असते तेव्हा, दोन्ही खिडक्या उघड्या. खोली झाडायची ती पण ह्याच वेळी आणि झाडायची नाहीच शक्यतो, ओल्या फडक्यानं पुसायची, कारण केरसुणीनं खाली बसलेली धूळ परत वर उडते.

गुळाचं लिहायचं राहिलं होतं. फौंड्रीत सुट्टी झाली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा, छातीतली धूळ गुळानं सुटते म्हणून, आणि मामा अजून रोज खातात. आपल्या कोल्हापूरच्या गुळाला जीआय मानांकन आहे, गूळ चांगलाच आहे, चहात पण पाहिजे. पण गूळ अन्ननलिकेतनं पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतनं फुफ्फुसात, दोघांची गाठ पडत नाही. घशात खवखवत असेल तर गोडानं थुंकी सुटते आणि घसा ओला होतो, बरं वाटतं, ते खरं. फुफ्फुसाच्या तळात बसलेले बारीक कण मात्र त्यानं निघत नाहीत. गुळाचा खडा देऊन कामगाराची काळजी घेतली असं समजणं, आणि मास्क न देणं, वाळूवर पाणी न मारणं, हे मला आता वाचताना जास्त खुपतं. मामांना एवढं सगळं बोलले नाही. त्यांच्या खड्याला हात लावायचा नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

संक्रांत झाली. मधले दिवस नोंदीसारखं काही नव्हतं, डबा चालू आहे. मामांना ह्या जानेवारीत ॲडमिट करायला लागलं नाही.

गल्लीत बघायला येतात. शेजारच्या काकूंच्या नातीला दमा आहे, त्यांना कुणीतरी ओझोन सोडणारं मशीन विकायला आलं होतं, हवा ताजी करतं म्हणून. घेऊ देऊ नका म्हटलं. ओझोन वर आकाशात आपल्याला वाचवतो पण नाकात गेला की श्वासनळीला जाळतो, दमेकऱ्याला तर नकोच. अजून कुणी म्हणालं घरात सात-आठ कुंड्या ठेवा, हवा शुद्ध होते. झाडं जरूर लावा, पण तेवढ्या कुंड्यांनी खोलीतली बारीक धूळ मोजण्याइतकी पण कमी होत नाही. काकूंकडं पण डबाच करून देतोय, आयटीआयची पोरं करतायत, ह्या वेळी टेपऐवजी फोमची पट्टी लावून, म्हणजे फिल्टर बदलायला सोपं.

सकाळी गल्लीच्या तोंडाला कचरा पेटवायचे, पालापाचोळा आणि त्यात प्लास्टिक. झाडायला येणाऱ्या मावशी आहेत, थंडीत शेकायला पण होतं त्यांना. त्यांच्याशी बसून बोलले. त्या म्हणाल्या ताई, गाडी रोज येत नाही, ढीग कुठं ठेवू? खरंच होतं ते. गल्लीनं मिळून दोन मोठे ड्रम घेतले, वाळला पाला त्यात, आणि तो तालमीमागच्या मोकळ्या जागेत खड्ड्यात कुजवतो. मावशींना एन ९५ दिला आणि झाडायच्या आधी पाणी शिंपडायला आम्ही बायकाच उठतो, सडा घालतोच ना दारात, तो चार हात पुढं रस्त्यावर. दोन-चार दिवस पेटवलेलं दिसलं नाही. जो धूर सगळ्यात जास्त झोंबतो तो गल्लीतलाच होता, आणि तोच सगळ्यात लवकर थांबला.

९ मार्च २०२५, रविवार

थंडी गेली, वारा सुटला, गच्चीवरचे सकाळचे आकडे आपोआप खाली आले. मामा परत सकाळी जातात रंकाळ्याला, पण साडेसातला.

फिल्टर काढून बघितले. बाहेरची बाजू राखाडी-काळी झालीय, आतली बाजू पांढरीच. बोट फिरवलं तर काजळीसारखं लागतं, मातीसारखं नाही. ते झटकायचे नाहीत आणि धुवायचे तर अजिबात नाहीत, पाण्यानं कागदाच्या घड्या बसतात. काढताना मास्क लावून, पिशवीत घालून तोंड बांधून टाकले. नवे लावून परत अगरबत्तीची चाचणी घेतली, बारा मिनिटांवर आहे. जुन्यावर शेवटी शेवटी सतरा-अठरा झाली होती, म्हणजे बदलायची वेळ कळायला ही चाचणीच धरायची, कॅलेंडर नको.

आता वर्षाच्या चटणीचे दिवस. मिरच्या भाजायला लागल्या की अख्ख्या गल्लीला ठसका, घरातला सेन्सर पहिल्या पाच मिनिटात चारशे. ह्या वर्षी भाजणं गच्चीवर, दुपारी, मामा नणंदेकडं असताना, आणि मग डंकावर. येत्या १३ तारखेला होळी आहे, गल्लीची एकच आणि लहान करायची, टायर-प्लास्टिक नाही, हे तालमीच्या मीटिंगमध्ये मांडायचंय. मास्तरांनी आपल्या बाजूनं बोलतो म्हणून सांगितलंय.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी लेकाच्या वर्गासाठी डबा करायचा आहे. वर्ग २० बाय २५ चा, म्हणजे मामांच्या खोलीच्या चौपट, एक डबा पुरणार नाही, चार तरी लागतील, आणि पंखे कमी आवाजाचे बघायला पाहिजेत नाहीतर मागच्या बाकावर बाई काय शिकवतात ते ऐकू जायचं नाही. हेडमास्तरांना गुरुवारी भेटायचं ठरलंय, आलेख आणि खर्चाचा कागद घेऊन.